वाटीतलं अर्धं दही

अंगावरून घाण वासाचं पाणी जायला लागलं, तेव्हा लाज गिळून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी एकच पुडी दिली. "यातले दाणे दह्यावर टाकून न चावता गिळा. सगळी पुडी एकदमच संपवा, अर्ध्यावर सोडलीत तर आजार जाणार नाही."

आमच्या घरात कुठलीच गोष्ट एकटीची नसते. सासूबाई आणि मी एकाच टेबलावर शर्टांना बटणं लावतो. दोघींत कात्री एक आणि चहाही अर्धा अर्धा. तरी मी गुपचूप वाटीत दही घेतलं, त्यावर दाणे टाकले. तेवढ्यात माल न्यायला माणूस आला, म्हणून दाराशी गेले. परत येऊन बघते तर वाटी अर्धी, आणि सासूबाई चमचा चाटतायत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो आई, ते औषध होतं!"

"ठाऊक आहे, आणि कशावरचं तेही. म्हणून तर घेतलं. तुझं अर्धं ठेवलंय की."

"तुम्हाला कशाला हवं होतं?"

त्यांनी आधी दार लोटलं. "मलाही तसंच जातं."

"कधीपासून?"

"तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून."

माझा राग जागच्या जागी विझला. आता त्या अर्ध्यानं त्या बऱ्या होणार नव्हत्या आणि उरलेल्या अर्ध्यानं मीही. "आई, उद्या दोघी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मला नको नेऊस, बाई. तूच जा. येताना माझं अर्धं घेऊन ये."