टोपावरचं नाव

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा टोप आहे, मित्रांनो. पन्नास पोरांची गव्हाची लापशी माझ्यात एका वेळी शिजते. रत्नागिरीच्या आतल्या अंगाला, एका वाडीच्या बालवाडीत मी १९८१ साली आलो, तेव्हा माझ्या काठावर सरकारी पोषण योजनेचं नाव कोरलेलं होतं. माझ्या स्वागताला नारळ फुटला. खोबरं मोठ्यांनी खाल्लं.

दोन वर्षांनी वरची माणसं बदलली. नव्यांनी योजना बंद केली नाही, फक्त तिचं नाव बदललं. पोरं तीच, गहू तोच, भूकही तीच. पण जुन्या नावाच्या टोपात नव्या नावाची लापशी शिजणार कशी? मला तालुक्याला जमा केलं. नाव खोडून दुसरं कोरायला सात महिने लागले. तोवर गहू पोत्यात किडला आणि पोरांनी उपाशीपोटी गाणी म्हटली.

शहाऐंशी साली पुन्हा तेच. या वेळी पाचच महिने लागले. कारभार सुधारला होता.

तिसऱ्यांदा नाव बदलल्याची बातमी आली, तेव्हा बालवाडीच्या सखूबाई हबकल्या. "आता परत टोप नेतील. पोरांनी खायचं काय?"

चूल सांभाळणारी म्हातारी येसूबाई म्हणाली, "त्या आदी माजा नाव घाल. म्होरं कैलासवासी लिव. मेलेल्याची भेट कोन नेतो?"

"अगो आजी, तू जित्ती हायस!"

"मग? कायमची थोडीच हाय?"

सखूबाईंनी बाजारात नेऊन योजनेचं नाव खरवडलं आणि माझ्यावर तसं कोरून आणलं.

आठ दिवसांनी तालुक्याचे साहेब आले. त्यांनी काठ वाचला: 'कै. येसूबाई यांच्या स्मरणार्थ बालवाडीस भेट.' त्यांचा आवाज खाली आला. "कधी गेल्या?"

"झाले दिवस," लापशी ढवळता ढवळता येसूबाई म्हणाली. "चांगली बाय होती."

साहेबांनी लिहिलं, 'टोप देणगीचा. जमा करण्याचा प्रश्न नाही.' आणि ते गेले. त्या दिवशी पोरं जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी योजना आखतील. योजना टिकावी असं मनापासून वाटलं, तर तिच्यावर निवडणुकीत न पडणारं नाव घाला. नावावाचून भागलं तर उत्तमच. माझा काठ खरवडून खरवडून पातळ झाला आहे. आणखी एक नाव त्याला सोसायचं नाही.