भिकुबाईची काठवट

मी एक जुनी काठवट आहे. हल्ली माझ्यात कांदे ठेवतात, त्यामुळे मुलं मला टोपली समजतात. म्हणून आधी ओळख करून देते. भाकरीचं पीठ मळायचं पसरट लाकडी भांडं म्हणजे काठवट. मला अखंड लाकडातून कोरून काढलं आहे, कुठे सांधा नाही की खिळा नाही. आता घरात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात आली आहे. हलकी आहे, आणि पडली की साऱ्या आळीला कळतं. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. मित्रांनो, मला सांगायचं आहे ते भिकुबाईबद्दल आणि तिच्या भावाबद्दल, आणि त्यात लाजेच्याच गोष्टी जास्त आहेत.

माझं लाकूड शिवणीच्या झाडाचं. पिंपळनेरहून नदी ओलांडली की एक लहान गाव लागतं, तिथे वना नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर मी उभी होते. वना मोठा मानी माणूस. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या बहिणीला, भिकूला, त्यानंच लहानाचं मोठं केलं. तिचं लग्न ठरल्यावर त्यानं स्वतः झाड निवडलं. चिंधा सुतार मला कोरत होता तेव्हा हा रोज येऊन त्याच्यापुढे उकिडवा बसायचा.

"काठ जाड ठेव, चिंधा," तो म्हणायचा. "मनी बहीणना हात भारी शे."

मग त्यानं मला आपल्या हातानं तेल चोळलं. रुखवतात तांब्यापितळेच्या भांड्यांपुढे मला मांडलं. भाऊ असावा तर असा, असं बायका म्हणाल्या ते मी ऐकलं, आणि तेव्हापासून मी जरा ताठ्यातच असते.

भिकुबाईचं सासर पिंपळनेरच्या बाजारपेठेत होतं. पेठ कसली, एकच रस्ता होता. गाड्या वेशीपाशी सोडायच्या आणि पायीच हिंडायचं. एका अंगाला कापडाची दुकानं, दुसऱ्या अंगाला कासार, तांबट, गूळ-मिठाचे दुकानदार. शेवटी शेव-जिलेबीवाला. मीठ घ्यायला आलेला माणूस सगळ्यांना राम राम करता करता दुपारी घरी पोचायचा, आणि कधीकधी मीठच विसरायचा.

भिकुबाईचा नवरा छगन भाड्याची गाडी हाकायचा. एकदा नदीच्या उतारावर चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय राहिला, पण गाडी सुटली. तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारू लागला, कारण गप्पांना पाय लागत नाहीत. घरात मात्र ज्वारीचं मडकं खाली खाली चाललं होतं.

समोर रुपचंद शेठचं कापडाचं दुकान होतं. तिथे लग्नाचा बस्ता बांधायला माणसं सकाळी यायची, ती दिवस कलेपर्यंत लुगडी उलगडत बसायची. दुपारी पोरंबाळं भुकेनं रडायची. एक दिवस रुपचंद रस्ता ओलांडून आला.

"भिकुबाई, एवढ्या माणसांना भाकरी टाकाल का? फुकट नको, ते पैसे देतील."

भिकुबाईनं ज्वारीच्या मडक्यात डोकावून पाहिलं. मग तिनं मला भिंतीवरून काढलं.

मित्रांनो, आजच्या मुलांना यात विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात तेव्हा ज्वारी विकायची, कापूस विकायचा. शिजलेलं अन्न कोणी विकत नसे. दारात आलेल्याला भाकरी द्यायची, तिचं मोल घ्यायचं नाही. भाकरी विकणं म्हणजे घराची अब्रू विकणं. त्या दिवशी माझ्यात मळलेल्या पिठाचे पैसे कोणीतरी मोजून दिले आणि मी लाजेनं अर्धी झाले. रुखवतातली वस्तू मी, आणि बाजारात बसले.

भिकुबाईच्या हाताला मात्र चव होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, थंडीत कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, उन्हाळ्यात उडदाची डाळ. बाजाराच्या दिवशी ओट्यावर पंगती उठायच्या. लोक कौतुक करायचे, भिकुबाई पदर सावरून खाली बघायची. कौतुकानंही तिला लाजच वाटायची.

बातमी नदीपलीकडे गेली. वना आला तो ओट्याची पायरीही चढला नाही.

"आपला घर वाटसरू भुक्या जात नही," तो म्हणाला, "अन् मनी बहीण भाकर इकस."

"मंग काय करू, भाऊ?" भिकुबाईनं विचारलं.

तो तसाच परतला.

आता आखाजीचं सांगते. वैशाखातली अक्षय्य तृतीया म्हणजे खान्देशातली आखाजी. त्या सणाला सासुरवाशीण माहेरी जाते, झाडाला झोके बांधतात, गाणी होतात. पण आपण होऊन कोणी जात नाही. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, तेव्हाच जायचं. भाऊ आला नाही तर शेजारणी विचारत नाहीत, नुसत्या बघतात. त्या वर्षी वना आला नाही. पुढच्याही वर्षी नाही. भिकुबाई सणाच्या आदल्या दिवशी लुगडं घडी करून ठेवायची आणि सणाच्या सकाळी तेच पेटीत परत ठेवायची. भाकरीमुळे पोट भरलं होतं, पण माहेर तुटलं होतं. तिला दुसरं काही नको होतं, फक्त भावानं एकदा न्यायला यावं.

मग वनाच्या मुलीचं, ताईबाईचं, लग्न ठरलं. व्याही सुकदेव आबा साक्रीकडचे, मोठं घर. बस्त्यासाठी त्यांनी रुपचंदचंच दुकान ठरवलं. दुपारी रुपचंद सवयीप्रमाणे म्हणाला, "जेवणाची काळजी नको. समोर पानं मांडायला सांगतो."

"आम्ही घरथून दशम्या आनेल शेतस," वना घाईनं म्हणाला.

सुकदेव आबा हसले. "दशम्या सांजले खाऊत. या बाईनं भरीत मी खायेल शे."

भिकुबाईनं भावाला उंबऱ्यात पाहिलं आणि तिचे हात माझ्यातल्या पिठात थांबले. वना भिंतीकडे बघत होता. छगन 'या वनाभाऊ' म्हणायला उठत होता, तिनं त्याला डोळ्यांनीच बसवलं. मुलीची आत्या भाकरी विकते हे व्याह्यांना कळलं तर काय होईल, ते तिला सांगायला नको होतं. तिनं पदर पुढे ओढला आणि सगळ्यांना म्हणतात तसं "या, बसा" म्हटलं.

पंगत बसली. भिकुबाई भरीत वाढत असताना विहीण झुंबरबाईंनी विचारलं, "बस्ताले पोरनी आत्या नही उनी?"

वनाचा घास हातातच राहिला. "तिले दूर दिधेल शे," तो म्हणाला.

दूर म्हणजे हातभर. तिनं त्याच्या पानात भाकरी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली. जेवून झुंबरबाई चुलीपाशी आल्या. त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला.

"कोठेन लिधी वं माय, हाई काठवट?"

"मोल लिधी, अक्का," भिकुबाई म्हणाली. "जुना बजारमा."

वनानं ते ऐकलं. मीही ऐकलं. कोणी तरी मला चुलीत घालावं असं वाटलं. मुलीकडचे म्हणून जेवणाचे पैसे वनालाच द्यावे लागले. ते बहिणीच्या हातावर ठेवायला त्याचा हात धजेना, म्हणून त्यानं ते माझ्या काठावर ठेवले. भिकुबाईनं ते उचलले. उचलले नसते तर सगळं उघड झालं असतं.

लग्नाचं बोलावणं आलं नाही. येणार कसं? आत्या दूर होती ना!

त्या वर्षी आखाजीच्या थोडे दिवस आधी, बाजार उठून दुकानांना फळ्या लागत होत्या, दिवेलागणीची वेळ होती. वना आला. डोक्याचं पागोटं काढून त्यानं काखेत धरलं होतं, कोणी ओळखू नये म्हणून.

"भिकू, आखाजीले चाल. गाडी गावबाहेर उभी शे."

ज्याची तिनं एवढी वाट पाहिली, ते समोर उभं होतं. मला वाटलं, आता ही पेटी उघडणार. भिकुबाई पुढे आली आणि तिनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"दिवसमा काबरं नही उना, भाऊ?"

वनानं पागोटं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"बजारना दिवशी ये," ती म्हणाली. "बठ्ठा देखतीन तवय ये. मंग मी इसू."

सगळ्यांच्या देखत न्यायला ये, एवढंच तिचं म्हणणं होतं. तो गेल्यावर ती दाराशी पाठ लावून रडली. छगनला कधी नव्हे ते बोलायला काही सुचेना.

आखाजीआधीचा शेवटचा बाजार भरला. रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका बांगड्या भरत होत्या, झोक्यासाठी दोर घेत होत्या. आणि भर दुपारी वना आला. पागोटं डोक्यावर, पण मान खाली. तो पायरीशी आला, जोडे काढले, आणि तेवढ्यात पंगतीतून त्याच्याच गावच्या निंबानं हाक मारली.

"राम राम वनाभाऊ! तू आठे कसा?"

भिकुबाईच्या हातात माझ्यातला गोळा होता. तिनं तो खाली ठेवला आणि ती भावाकडे बघत राहिली. बहिणीकडे, एवढा एकच शब्द बोलायचा होता त्याला. वनानं ओठ उघडले, आजूबाजूला पाहिलं.

"काही नही," तो म्हणाला. "भाकर खावाले उनू."

आणि तो निंबाच्या शेजारी गिऱ्हाइकासारखा बसला. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला घाम येत नाही. पण त्या क्षणी लाजेनं मला तडा गेला असता तर मी कोणाला दोष दिला नसता.

भिकुबाईनं भाकरी थापली. भाजली. स्वतः नेऊन त्याच्या पानात वाढली, वर डाळ घातली. वनानं मान वर न करता कनवटीला हात घातला, आणि जेवायच्या आधीच पैसे पुढे केले. लवकर सुटावं असं त्याला झालं असेल.

भिकुबाईनं ते पैसे घेतले नाहीत. ती ताठ उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज ओट्याखाली कधी गेला नव्हता, त्या दिवशी समोरच्या दुकानात रुपचंदनंही कापड मोजायचा गज खाली ठेवला.

"याना पैसा मी लेत नही," ती म्हणाली. "हाऊ मना सगा भाऊ शे. बहीणना घर जेवाले उना."

निंबानं तोंडातला घास तसाच धरून ठेवला. वनाचे कान लाल झाले होते. आता तो उठून जाईल असं सगळ्यांना वाटलं, मलाही. तो उठला नाही. त्यानं पैसे कनवटीला परत लावले आणि भाकरीचा तुकडा मोडला. सारा बाजार बघत असताना एक भाकरी संपवायला फार वेळ लागतो. त्यानं ती संपवली. मग पान तसंच ठेवून, कोणाकडेही न बघता म्हणाला, "आखो एक वाढ, भिकू."

आखाजीच्या सकाळी गाडी आली. वेशीपाशी सुटली नाही, सरळ पेठेतून ओट्यापर्यंत आली. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. वना बैलांच्या पाठीकडे बघत होता, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. त्याची लाज गेली नव्हती, ती मला त्याच्या मानेवर दिसत होती. भिकुबाई घडीचं लुगडं नेसून गाडीत चढली. छगनला तिनं हात देऊन वर घेतलं आणि मला मांडीवर. रुपचंदच्या दुकानापुढे कोणीतरी काहीतरी बोललं आणि दोघेतिघे हसले. वनानं ते ऐकलं. त्यानं बैलांना पळवलं नाही, गाडी पायाच्या चालीनंच पेठेतून बाहेर नेली.

त्या गोष्टीला वर्षं झाली. मला आता कांदे सांभाळायचे असतात. तुमच्या घरात एखादी काठवट अडगळीत पडली असेल तर तिला उन्हात टाकू नका, ओलीही ठेवू नका, कधीमधी तेलाचा हात फिरवा. आणि तुमच्या घरची एखादी आत्या, एखादी बहीण, तिच्या कामाची लाज वाटल्यामुळे माहेरी न्यायची राहिली असेल, तर ही लाज जाईल मग जाऊ, असं म्हणत बसू नका, मित्रांनो. ती जात नाही. आधी गाडी जुंपा.