वाघाचा दुसरा भाग

अजूनही बाजारात कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, "इस्तारीभाऊ, पयला भाग चांगला होता का दुसरा?" विचारणारा दुसऱ्या गावचा असतो, हे मला लगेच कळतं. आमच्या गावात हा प्रश्न कोणी तोंडातून काढत नाही. मी आधी चिडतो, मग सांगतो. सगळं सांगतो, कारण अर्धं सांगितलं की लोक हसतात.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडं, तलावाच्या काठावर. आम्ही तलावात मासे धरणारे, थोडी धानाची शेती करणारे, आणि फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचणारे लोक. माझी वेगळी ओळख म्हणाल तर दिवाळीच्या दंडारीत, म्हणजे रात्रभरच्या नाच-नाटकात, मी सोंग घ्यायचो. माझा आवाज मोठा, चेहरा मातीसारखा, पाहिजे तसा वळायचा. मी तोंड उघडायच्या आधीच माणसं हसायला लागायची, आणि याचा मला फार गर्व होता.

त्रेपन्न साली माझा मेव्हणा लटारू गेला. माझ्या बायकोचा, कुंताचा, धाकटा भाऊ. मोहाच्या झाडाखाली दोघं भाऊबहीण वाकून फुलं वेचत होते. मधे दोन हातांचं अंतर. कुंताला टोपली उलटल्याचा आवाज आला, तिनं मान वर केली, तर लटारू नव्हता. एवढंच. जनावरानं नेला, ओरडलासुद्धा नाही तो. त्या दिवसापासून कुंता हसली नाही. वाळलं पान वाजलं तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. चुलीपुढं बसली तरी पाठ भिंतीला लावून बसायची. माझ्या घरात सगळं होतं, फक्त तिचं हसू नव्हतं, आणि ते परत आणायचं एवढं एकच वेड माझ्या डोक्यात होतं.

मंगरूभाऊ आमच्या गावचा भुमक, सीमेवरच्या देवांची पूजा तोच करायचा. लटारू गेल्यावर त्यानं नेम घालून दिला. "एक बाई वेचील, एक बाई उभी राहील. उभी राहनारीनं वाकाचं नाई, बोलाचं नाई, गवताकडं पाहाचं." संध्याकाळी दोघींनी फुलं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. बायका कुरकुरल्या. टोपली अर्धीच भरायची ना! पहिल्या महिन्यातच नेम ढिला पडायला लागला होता.

मग चौपन्न साली गुणवंतरावांचा तंबू आला. फिरता सिनेमा. ट्रकवर इंजिन, एकच मशीन, आणि भोंगा असा की हिंदी आहे का तेलुगू हे कळू नये. एक रीळ संपलं की दुसरं चढवायला वेळ लागायचा, तेवढ्यात लोक उठून जायचे. म्हणून गुणवंतरावांनी मला धरलं. रीळ बदलताना कंदील घेऊन पडद्यापुढं उभं राहायचं, मागचं काय झालं ते आमच्या बोलीत सांगायचं आणि पुढं काय होणार याची गोडी लावायची. मधे मधे चित्र चालू असतानाही बोललं तरी चालायचं.

तो सिनेमा नरभक्षक वाघाचा होता. जंगलात आम्ही त्याचं नाव घेत नाही, म्हणून गावात सगळे 'त्याचा शिनेमा' म्हणायचे. ज्यानं कोणी तो काढला, त्या माणसाला मी मनातून हात जोडतो. पहिला तासभर वाघ दिसतच नाही. नुसतं गवत हलतं. मग एकदा गवताच्या आतून दिसतं, म्हणजे त्याला जसं दिसत असेल तसं. समोर एक वाकलेली पाठ. पाय नाहीत, डोकं नाही, बाई का गडी ते नाही, हरणाएवढ्या उंचीची नुसती पाठ. तंबूत श्वासाचा आवाज येईना. रीळ संपलं, मी कंदील घेऊन उठलो. हळू आवाजात एवढंच म्हणालो, "पाह्यलं? वाकलेलं मानूस त्याले मानूस नाई दिसत."

शेवटी वाघ मरतो. खराच वाघ होता तो, पडताना त्याच्या पोटाखालून धूळ उडाली. कोणी टाळी वाजवली नाही. बायका दोघी दोघींनी घरी गेल्या. त्या साली आणि पुढची दोन सालं नेम मोडायची कोणाची छाती झाली नाही. तीन मोसमांत आमच्या गावचं एकही माणूस गेलं नाही. मंगरूभाऊ एकदा मला म्हणाला, "तुह्या शिनेमानं माह्यावाल्या देवाले हात देल्ला." मी आठ दिवस हवेत होतो.

सत्तावन्न साली, ऐन मोहाच्या दिवसांत, गुणवंतरावांचा ट्रक पुन्हा आला. कापडावर रंगवलं होतं, भाग दुसरा. मेलेल्या वाघाची वाघीण बदला घ्यायला येते म्हणे. अख्खं गाव लोटलं. शेजारच्या टोल्या-वाड्यांवरून बैलगाड्या आल्या. कुंता यायला तयार नव्हती. ताराबाई, आमची शेजारीण, तिला हाताला धरून घेऊन आली.

काय सांगू तुम्हाला त्या दुसऱ्या भागाचं! पहिल्याच रिळात वाघीण समोर. लपणं नाही, गवत नाही. आणि ती वाघीण म्हणजे कातड्यात घातलेला माणूस. गुडघ्यांवर चालत होता बिचारा. शेपटी तारेची, वळताना ताठ उभी राहायची. नायकही बदललेला, पोट सुटलेला, बंदूक उलटी धरणारा. माझं टाळकं सटकलं. ज्यांनी पहिल्याला कमाई दिली त्या लोकांपुढं हे असं टाकायचं? मेलेल्याची चेष्टाच ती. दुसऱ्या रिळाला लोक उठायला लागले. गुणवंतराव माझ्या कानाशी आले. "इस्तारी, काही तरी कर बाबा, तंबू रिकामा होतोय."

मी काही तरी केलं. रागानं केलं, हे खरं आहे. वाघीण पडद्यावर आली तसा मी ओरडलो, "उठा, उठा, पाटलीनबाई आल्या! गुडघे दुखून राह्यले त्यायचे, पाट टाका बसाले!" तंबू हसून फुटला. उठलेले बसले. पुढं झटापटीत कातड्याची पोटाखालची शिवण उसवली आणि आतून पट्ट्यापट्ट्याचा पायजमा दिसला. मी म्हणालो, "अरे, शिकारी कायले पाह्यजे? शिंप्याले बोलवा!" आणि तेव्हा बायकांच्या बाजूनं एक हसू आलं. बारीक, अडखळत सुरू झालेलं, मग न थांबणारं. चार वर्षं मी ते ऐकलं नव्हतं, पण हजारांत ओळखलं असतं. कुंता हसत होती. पदर तोंडात कोंबून, ताराबाईच्या मांडीवर डोकं टाकून हसत होती.

त्यानंतर मी थांबलो नाही. तुम्ही थांबला असता?

खेळ सुटल्यावर मंगरूभाऊ तंबूच्या दोरीपाशी उभा होता. न हसलेला तो एकटाच. म्हणाला, "हासवलं तू सगळ्याले. आता भेव कुठून आनशीन?"

"भेव गेलं तं चांगलंच झालं ना, भाऊ," मी म्हणालो. "माही बायको हासली आज."

"हाव, पाह्यलं मी," तो म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला. मला त्याचा राग आला. म्हाताऱ्याला कोणाचं बरं बघवत नाही, असंसुद्धा वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकडून आलो तर अंगणात मोहफुलांची रास. टोपली काठोकाठ भरून दोनदा आणलेली.

"उभी कोन होती?" मी विचारलं.

"कोनीच नाई," कुंता म्हणाली. "साऱ्याच वेचत होतो. कोनाले भ्यावं? पायजम्याले?" आणि ती पुन्हा हसली. ताराबाईनं म्हणे डोक्यावर पोतं घेऊन, गुडघ्यांवर चालत साऱ्या बायकांना झाडाभोवती पळवलं होतं. उद्या एकीला उभी ठेव, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण कुंता अंगणाच्या मधोमध बसली होती, पाठीमागं भिंत नव्हती. मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातली ही चूक मला रोज आठवते.

त्या संध्याकाळी कालच्यापेक्षा जास्त गर्दी झाली. लोक सिनेमाला आलेच नव्हते, माझ्यासाठी आले होते. मी नवीन नवीन काढत गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जाळं टाकायला तलावाच्या मोहाकडच्या काठाला गेलो. चिखलात पावलं होती. चार बोटं, मागं रुंद गादी, माझ्या पसरलेल्या पंजाएवढी. पाण्याकडं आलेली आणि मोहाच्या झाडांकडं परत गेलेली. पावलांत पाणी अजून झिरपत होतं. म्हणजे मी जाळं खांद्यावर घेऊन येत होतो तेव्हा तो तिथंच होता. जाळं तिथंच टाकून मी मंगरूभाऊकडं धावलो.

त्यानं शांतपणे ऐकलं. "मले काऊन सांगतं? मी सांगलं तं चार म्हतारे आयकतीन. तुह्यं सारं गाव आयकते. तू सांग."

बरोबर होतं त्याचं. संध्याकाळी सगळं गाव एका जागी माझ्यासमोर बसणार होतं. पहिलं रीळ लागायच्या आत मी कंदील घेऊन पुढं गेलो आणि म्हणालो, "आज मस्करी नाई. तरावाच्या काठावर जनावराची पावलं हायेत. मी सोता पाह्यली. उद्यापासून एक वेचनार, एक उभी राहनार."

मग मागून कोणी तरी ओरडलं, "पायजमा होता का त्याले?"

तंबू कोसळला हसून. मी हात वर केले, म्हणालो, "अरे, खरं सांगून राह्यलो, मायची आन." ते अजून हसले. मी चिखलातलं पाऊल हातानं दाखवलं, तर लोक मांड्या ठोकायला लागले. शेवटी मला रडू आलं. खरंखुरं रडू. इतक्या माणसांपुढं मी नाक पुसत उभा होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. गुणवंतराव म्हणाले, "वा! आज तर कमालच केलीस." माझ्या चेहऱ्याचा मला पहिल्यांदा तिरस्कार वाटला. मी कुंताला शोधलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तीही हसत होती.

घरी आल्यावर मी तिचे दोन्ही हात धरले. ती माझ्याकडं बघत राहिली आणि हळूहळू तिचं हसू उतरलं. तिला कळलं होतं, असं मला वाटतं. पण ती म्हणाली, "चार वर्सं पान वाजलं तरी मरत होतो मी. आता नाई मरत. पुन्हा नका भेववू जी मले."

"बरं," मी म्हणालो. "मंग उद्या मी येतो. मी उभा राह्यतो."

"या ना," ती म्हणाली. "पोट्ट्या खुश होतीन."

सकाळी उजाडताना आम्ही निघालो. सात-आठ बायका होत्या. मी कुऱ्हाड घेतली होती, ते बघूनही त्या हसल्या. झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता, गोड वास घशात बसत होता. मी दोन झाडांच्या मधे उभा राहिलो, गवताकडं तोंड करून. माझ्या मागं बायकांच्या गप्पा, माझ्या नकला. कुंता वीसेक पावलांवर, टोकाच्या झाडाखाली. मी म्हटलं, "जवळ ये." ती म्हणाली, "तिथली सारी वेचली तुमच्या ताराबाईनं."

वरती वानर खोकलं. एकदाच. मग पाखरं गप्प झाली.

तिच्या पलीकडचं गवत हललं. वारा नव्हता. मला एकदम दिसलं ते, त्याच्या बाजूनं दिसावं तसं. हरणाएवढ्या उंचीची, वाकलेली एक पाठ. माझ्या कुंताची पाठ.

"उभी राह्य!" मी ओरडलो. "कुंता, उभी राह्य! वाघ!"

जंगलात मी आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं होतं. बायकांनी माना वर केल्या, माझ्याकडं पाहिलं आणि त्या खदखदून हसल्या. मी कुऱ्हाड उगारून धावत सुटलो होतो, माझं तोंड वेडंवाकडं झालं असणार, तेच तोंड. "आले, पाटलीनबाई आल्या!" ताराबाई म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. कुंतानं वळून मला बघितलं. तिला हसू आवरेना. पोट धरून, हसता हसता ती अजून खाली वाकली.

मला पाच पावलं कमी पडली.

तो पिवळ्या अंगाचा लोट गवतातून आला तेव्हाही ताराबाईच्या टाळ्या थांबल्या नव्हत्या. नंतर, पुष्कळ दिवसांनी, तिनं माझ्या अंगणात येऊन मला ते सांगितलं. तिला वाटलं होतं, कातड्यात कोणाला तरी घालून मीच आणलं.