पाठीमागे अडकवलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे, फोर्कलिफ्टच्या, म्हणजे ओझं उचलून नेणाऱ्या गाडीच्या, सीटचा. कारखान्यात मला इतकं ओढून-ताणून पाहिलं होतं की बैल टांगला असता तरी मी तुटलो नसतो. पण अंगात नुसती ताकद असून काय उपयोग? ती वेळेला कामी यावी लागते.

आमची फोर्कलिफ्ट लाकडाच्या वखारीत होती. तिथलं मैदान म्हणजे नुसते खड्डे, गोटे आणि चढउतार. गाडी चालवायची आक्का. रोज आधी ती सगळी वाट पायी फिरायची, शंका आली तिथे टाच आपटून बघायची. चालवताना ओझं जमिनीलगत ठेवायची, उतारावर भरलेली गाडी रिव्हर्समध्ये उतरवायची. आणि बसली की लगेच मला कमरेवरून ओढून खटकन अडकवायची. "चल बाबा, धर मला," म्हणायची. काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले आणि गाडी तिच्या धाकट्या भावाकडे आली. हात तरबेज, पण स्वारी सदा घाईत. मला न लावता बसलं की गाडी पीं पीं करत राहते. मग या पठ्ठ्याने डोकं चालवलं. मला पाठीमागेच अडकवलं आणि पुढे ऐटीत बसला. आवाज बंद!

आक्का त्याचा डबा घेऊन यायची आणि फाटकातूनच विचारायची, "पट्टा लावलास का रे?"

"अगं, गाडी ओरडतेय का? मग!"

ती निर्धास्त परत जायची. मी त्याच्या पाठीमागे चेपून सगळं ऐकत राहायचो.

एके दिवशी फळ्यांचा गठ्ठा उंच धरूनच तो उतारावर आडवा निघाला. वाटेत पाइपसाठी खणलेला चर वरवर मातीने बुजवलेला होता. चाक भसकन आत गेलं, गाडी कलंडली. घाबरून त्याने उडी मारली आणि गाडीचं छप्पर नेमकं त्याच्या पायावर आलं. सीटला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. अरेरे, माझ्या मिठीत असता तर आज दोन्ही पायांवर चालला असता!

डबा घेऊन आलेली आक्का फाटकातून लंगडत धावत आली. रिकाम्या सीटवर मला नुसतंच अडकवलेलं तिने बघितलं. "गाडी ओरडत नव्हती रे," एवढंच म्हणत राहिली.

मित्रांनो, मला कमरेवर बांधा. गाडी कलंडली तरी उडी मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा, पडत्या बाजूच्या उलट झुका.

आता दुखऱ्या गुडघ्यांनी आक्काच पुन्हा गाडी चालवते. धाकटा फाटकाशी बसून ट्रक आत सोडतो.

"आक्का, पट्टा?" तो ओरडतो.

"लावलाय रे!"

तरी तो कुबडी टेकत, खड्डे चुकवत गाडीपर्यंत येतो, मला हाताने ओढून बघतो आणि मगच परत जातो.