धुतलेली मुळं

“मुळं धुतलीस? साबण नाही ना रे लावलास?” ताईने डोक्याला हात लावला.

“छे गं, नुसत्या पाण्याने,” मिस्त्री म्हणाला. “माती किती चिकटली होती!”

“अरे शहाण्या, मातीच तर हवी असते त्यांना! ती रोपं आहेत, तुझ्या पंपाचे सुटे भाग नव्हेत.”

गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रानमिरचीची रोपं माना टाकून पडली होती. मिस्त्रीचा उभा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. कुठलाही भाग लख्ख धुतल्याशिवाय बसवायचा नाही, ही त्याची शिस्त. नव्या मिस्त्रींना तो त्यावरून फाडून खायचा. तेव्हा रोपं हातात आल्यावर त्याने काय केलं, तर ब्रश घेतला आणि एकेक मूळ मायेने स्वच्छ केलं. आता बसा बोंबलत!

आत बायको पडून होती. आजारपण आलं, पाठोपाठ औषधं आली, आणि तिच्या तोंडाची चवच गेली. काहीही पुढे केलं की “माती लागते हो,” म्हणून ताट सरकवायची. अंगावर नुसती हाडं उरली होती. “जे मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ दे,” डॉक्टर म्हणाले होते, “नाहीतर औषध तरी कशाच्या जोरावर चालणार?” मग एका सकाळी ती आपण होऊनच म्हणाली, “माहेरी कुंपणाला रानमिरची यायची. एवढीशी, पण नाकाडोळ्यांतून पाणी काढायची. ती कळेल बघा माझ्या जिभेला.”

झालं! मिस्त्रीने बाजार पालथा घातला. मिळेल ती मिरची आणली. तिने प्रत्येक चावून पाहिली आणि मान हलवली. शेवटी जुन्या पंपघरामागे, पाखरं बसतात त्या तारेखाली, त्याला ही रोपं सापडली. मिरचीचं जुनं झुडूप कधीच तोडलं होतं. “पाखरांनी बी टाकलं, त्याचीच ही पिलावळ,” तिथला रखवालदार म्हणाला. मिस्त्रीने सगळीच्या सगळी उपटून आणली.

“जा, आणखी घेऊन ये,” ताई म्हणाली.

“कुठून आणू? फरशी घातली तिथे.”

ताईने डबे चाचपले. कोपऱ्यातलं एक रोप तेवढं ताठ होतं. त्याच्या मुळांत खडा अडकला होता आणि तो काही केल्या निघेना, म्हणून मिस्त्रीने वैतागून ते तसंच मातीसकट लावलं होतं.

त्या रोपाला त्याने तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ऊन चढलं की छत्री धरायचा. कामावर गेला तरी जीव गॅलरीत. रोपाने नवी पानं काढली, पण बायको दिवसेंदिवस अंथरुणाला खिळत चालली.

“मिरच्या कधी धरतील गं?” त्याने ताईला विचारलं.

“लागतील की चार-सहा महिने.”

“तेवढे कुठे आहेत तिच्याकडे?” असं म्हणून तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. एवढा मोठा बाप्या! ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी त्याने डबा उचलून बायकोच्या उशाशी आणला. तिने पानांवरून बोट फिरवलं.

“एक पान द्या बघू.”

मिस्त्री घुटमळला. धीर न धरवल्याने त्याने सकाळीच एक पान चघळून पाहिलं होतं. गवत बरं, असं मिळमिळीत. तरी त्याने पान तोडून तिच्या तोंडात घातलं.

ती चावत राहिली. मग एकदम डोळे मिटून तिने सी... सी... केलं. “आई गं! काय जाळ आहे हो! भात द्या, भात!”

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. मग लगबगीने मऊ भात कालवून आणला. तिने एक घास कसाबसा घशाखाली ढकलला. दुसरा ढकलताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“बघा,” ती म्हणाली, “नाकाडोळ्यांतून पाणी काढतंय की नाही?”

“काढतंय तर,” मिस्त्री म्हणाला. “भलतंच तिखट निघालं. आणखी एक देऊ?”

“द्या.”

रोपाला मोजकीच पानं होती. मिस्त्रीने शेंड्याकडचं कोवळं पान तोडलं आणि तिच्या तोंडाशी धरलं.