प्रयोगशाळेतला एकटा हंस

प्लास्टिकच्या तबकडीतल्या खळग्याच्या तळाशी कधीकधी एक लाल ठिपका बसे. मोहरीएवढा, कडा स्वच्छ. मित्रांनो, ते माझे रक्त. मी नंदुरबारच्या एका प्रयोगशाळेतला म्हातारा हंस आहे.

डासांमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू माझ्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतात. मग त्या खळगाभर पसरतात. पण रुग्णाच्या रक्तजलात, म्हणजे सीरममध्ये, त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे असली, तर ती त्याला अडवतात आणि पेशी तळाशी ठिपक्यात जमतात. इथल्या शास्त्रज्ञ कामिनीताई रक्तजल पातळ करत जात आणि ते कोणत्या विषाणूला शेवटपर्यंत अडवते ते पाहत. त्यावरून विषाणूंची घराणी ठरतात. जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल तर चुलतभाऊच. एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही थोडे ओळखतात. पाहुणे आले की ताई माझ्याकडे बोट दाखवून सांगत, सगळे काम याच्यावर चालते.

अंडी घालताना मादीचे रक्त बदलते, म्हणून इथे फक्त नर ठेवत. माझ्या सोबतचा नर मेला, त्याच्या जागी कोणी आला नाही. आगगाडीची शिटी ऐकू आली की मी ओरडून उत्तर देई. गाडी निघून जाई.

पुढे तपासणीचे तयार किट आले. रक्त काढायला माझ्या पंखाखालची शीर कोणी शोधेना.

मला दाणा घालणारे भिलाभाऊ तापीकाठचे. त्यांच्या घरी हंसाच्या दोन माद्या आहेत, नर राहिला नाही. ते मला मागत. ताई म्हणत, किटला चुलतभावांतला फरक कळला नाही तर? थांबू या.

"ताई, याले पेन्शन कधी देशात?" याला पेन्शन कधी देणार, असे भिलाभाऊ त्यांच्या अहिराणीत विचारत. ताई हसत, आणि मी इथेच राही.

या पावसाळ्यात धडगावच्या एका मुलीचा तसा नमुना आलाच. किटला दोन्ही विषाणू सारखेच दिसले. ताई सुई घेऊन आल्या. भिलाभाऊंनी माझा पंख उघडला. शीर दोऱ्याएवढी उरली होती. ताईंनी बराच वेळ बोट ठेवले, पण सुई टोचली नाही. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिथून स्पष्ट उत्तर आले, माझ्या रक्तावाचून.

मित्रांनो, ज्याच्याकडून काही घेता, त्याला दाण्याबरोबर सोबतही द्या.

आज दुपारी ताई जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी कडी काढली.

"भिलाभाऊ," त्या त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "याले आजच तुमना घर लई जा."