रंगाखालचा सांधा

मी जुना लोडर बोलतोय. जुना म्हणालो, भंगार नाही म्हणालो, एवढं आधी ध्यानात घ्या.

माझं सारं तारुण्य एका मालवाहू बोटीच्या पोटात गेलं. कोळसा उतरवून झाला की तळाशी कानाकोपऱ्यात उरलेला माल खरवडून गोळा करायचा, हे माझं काम. मला स्टिअरिंग नाही, दोन दांडे आहेत. एक पुढे, एक मागे केला की मी जागच्या जागी गर्रकन फिरतो. धिप्पाड यंत्रांना हे जन्मात जमायचं नाही! एकदा बकेट उचलणारा माझा डावा हात मोडला. बोटीवरच्या मिस्त्रीने तो भर समुद्रात वेल्डिंग करून असा जोडला, की पुढे कित्येक वर्षं मी त्याच हाताने कोळसा उचलला.

मग बोट म्हातारी झाली आणि भावनगरकडच्या किनाऱ्यावर तोडायला काढली. जमनभाई नावाच्या व्यापाऱ्याने मला घेतलं आणि सुरतेजवळ कामरेजला, हायवेलगतच्या आपल्या आवारात उभं केलं. साल शहाण्णव. सुरतेत तेव्हा रस्ते रुंद होत होते, जिकडेतिकडे तोडफोड आणि मलबा. मला गिऱ्हाईक मिळणार हे जमनभाईने ओळखलं आणि पिवळाधमक रंग फासला. सांध्यावर तर जरा जास्तच. मला भारी राग आला. लपवायला मी काय चोरी केली होती?

एके दिवशी सुरतेच्याच डिंडोलीहून सुकलाल आणि त्याची बायको उषाबाई आली. खानदेशातून आल्यापासून सुकलाल दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर मलबा वाहत होता. आता स्वतःचं यंत्र घ्यायचं म्हणून दोघांनी गावचं घर विकलं होतं. मी फसवा निघालो असतो, तर घरही गेलं असतं आणि सुकलाल पुन्हा मालकाच्या दारात उभा राहिला असता.

“एकदम नवुं जेवुं छे, भाई! एक घसरको पण नथी,” जमनभाई म्हणाला. म्हणे नव्यासारखा, एक ओरखडाही नाही!

उषाबाईचे वडील बैलांचे जाणकार. बैल पाहावा तशी ती माझ्या अंगावरून हात फिरवू लागली. डाव्या हातावर तिची बोटं थांबली.

“आहो, आठे देखा. ह्यानी काय झाकीसन रंग लायेल शे?”

सुकलालचा चेहरा उतरला. “सेठ, जोड छुपा के बेचते हो?” म्हणत तो फाटकाकडे वळला. तोंड असतं तर ओरडलो असतो.

“थांबा,” उषाबाई म्हणाली. “खांदाले घट्टा नही तो बैल कसाना? जोड धरस का नही, ते देखा.”

जू ओढणाऱ्या बैलाच्या खांद्याला घट्टा पडतोच. तो दुखरा आहे की पक्का, एवढंच पाहायचं असतं.

सुकलाल परत आला. त्याने माझ्या बकेटीत ओली वाळू शिगोशीग भरली, ती वर उचलली, खाचखळग्यांतून मला पळवलं आणि करकचून थांबवलं. पुन्हा पळवलं, पुन्हा थांबवलं. मी सगळा जोर लावून ओझं पेललं. बकेट जमिनीला टेकल्यावर उषाबाई जवळ आली. सांधा जराही हलला असता तर वरचा नवाकोरा रंग तडकला असता. तिने डोळे बारीक करून पाहिलं. केसाएवढीही चीर नव्हती.

“हाई आपलं,” ती म्हणाली.

“मैं तो पहले से बोलता था!” जमनभाई म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

त्याला आता तीन वर्षं होतील. लिंबायतच्या ज्या गल्लीत मोठं यंत्र वळत नाही, तिथे मलाच बोलावतात आणि मी ऐटीत जातो. माझा धूर वाढलाय, खोकतोही जरा. पण बाबांनो, जुनं यंत्र बघायला गेलात तर वय मागाहून विचारा, आधी काम सांगा.

परवा गावाकडचा पाहुणा आला. त्याने नेहमीचंच विचारलं, “सुकलाल, सुरतले कोणाकडे कामले शेस तू?”

सुकलालने माझ्या पाठीवर थाप मारली. “कोणाकडेच नही.”

येतो मी. दांडे हलले, मालक बसलाय. आणि माझ्या मालकाला आता मालक नाही.